एक घर, तीन इयत्ता : लेखनाचे धडे कसे निवडावेत?

सुट्टीत मुले वसतिगृहातून घरी परततात, तेव्हा अनेक पालकांपुढे तीन इयत्ता एकाच सतरंजीवर बसलेल्या असतात. थोरली आठवीत, मधला पाचवीत, धाकटी दुसरीत. तिघांचेही लेखन सुधारावे अशी पालकांची तळमळ असते. पण शुद्धलेखनाचे एकच पुस्तक तिघांपुढे ठेवले, तर धाकटी गोंधळते आणि थोरली कंटाळते. म्हणून धडे निवडण्यापूर्वी थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

पुस्तक निवडताना इयत्तेपेक्षा मुलाची वही अधिक उपयोगी पडते. मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेल्या दहा ओळी घ्याव्यात आणि त्यांतील चुका तीन रकान्यांत मांडाव्यात. काना, मात्रा, जोडाक्षर गळत असेल, तर तो पहिला रकाना. अशा मुलास, ते कोणत्याही इयत्तेत असो, मोठ्याने वाचन आणि अनुलेखन हवे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुसऱ्या रकान्यात येतात. तेथे नियम समजावून द्यावा लागतो.

तिसरा रकाना नाजूक आहे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘शाळा’ऐवजी ‘साळा’ असे मूल लिहिते, तेव्हा ते आपल्या घरातला उच्चारच प्रामाणिकपणे कागदावर उतरवत असते. बोलीला स्वतःची व्यवस्था असते. ती अशुद्ध नव्हे. म्हणून ‘शुद्धलेखन’ या शब्दापेक्षा ‘प्रमाणलेखन’ हा शब्द मला अधिक न्याय्य वाटतो. “घरी आपण असे बोलतो, पुस्तकात असे लिहितात,” एवढेच मुलास सांगावे. आजीच्या बोलीला हसून शिकविलेले लेखन मुलाची लेखणीच थांबवते. वर्गात हशा झाल्यामुळे हात वर करणे सोडून दिलेली मुले आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत.

नियमांची भीती बाळगण्याचे कारण नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण १८ आहेत. त्यांपैकी १४ नियम १९६२ साली स्वीकारले गेले आणि १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. ते सर्व एकदम शिकवू नयेत. उच्चारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद अनेकदा स्पष्ट ऐकू येत नाही. पण शब्दातील अक्षराची जागा पाहिली, की पुष्कळ उलगडा होतो. दूध, तूप, मीठ, पीठ हे शब्द घ्या. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते. प्रत्यय लागला, की तेच ऱ्हस्व होते : दुधात, तुपाचा, मिठाने, पिठाला. स्वयंपाकघरातील चार डब्यांवर एक नियम शिकून होतो. त्यानंतरच अपवादांकडे वळावे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपले मूळ रूप राखतात. म्हणून ‘गुण’ ऱ्हस्वच राहतो आणि ‘शील’चे ‘शीलाचे’ होते.

तिन्ही वयांसाठी तीन वेगळे तास काढणे कष्टकरी पालकांना शक्य नसते. त्याची आवश्यकताही नाही. एकच वाक्य घ्यावे : “माझी बहीण नदीवरून पाणी आणते, बहिणीच्या हातात फूल आहे.” धाकटीने ‘नदी’, ‘पाणी’, ‘फूल’ हे तीन शब्द पाहून लिहावेत. मधल्याने पूर्ण वाक्य श्रुतलेखन म्हणून लिहावे. थोरलीने ‘बहीण’ आणि ‘बहिणीच्या’ यांतील फरकाचे कारण धाकट्या भावंडांना समजावून सांगावे. समजावताना तिचे स्वतःचे ज्ञान पक्के होते. पंधरा मिनिटे पुरतात, मात्र ती रोज हवीत.

पुस्तक घ्यावयाचेच असेल, तर तीन गोष्टी पाहाव्यात. एका धड्यात एकच नियम असावा. मागील धड्यांतील शब्द पुढेही पुन्हा येत राहावेत. उत्तरे शेवटी दिलेली असावीत, म्हणजे ज्या आईवडिलांची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यांनाही वही तपासता येईल. चूक लाल शाईने खोडण्यापेक्षा शेजारी योग्य शब्द लिहावा आणि तो शब्द आठवड्याने पुन्हा विचारावा.

अर्ज, तक्रार, परीक्षेची उत्तरपत्रिका या साऱ्या ठिकाणी आपल्या मुलांची पहिली ओळख त्यांच्या लेखनातून होते. ती ओळख ताठ मानेने व्हावी आणि घरची बोलीही त्यांच्या ओठांवर अभिमानाने नांदावी, एवढी काळजी आपण पालकांनी घेतली पाहिजे.