बागेतली आगगाडी

लंडनच्या वायव्येस बेकन्सफील्ड नावाचे गाव आहे. तेथे रोलंड कॅलिंगहॅम नावाचे एक हिशेबनीस राहत असत. त्यांना छोट्या आगगाड्यांचा भारी नाद. घरातले रूळ इतके पसरत गेले, की एक तर ही गाडी तरी घराबाहेर जाईल नाही तर मी तरी, असे त्यांच्या पत्नीने बजावले, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, गाडी बागेत गेली हे मात्र खरे! माळीबुवांना हाताशी धरून कॅलिंगहॅम यांनी रुळांभोवती घरे, दुकाने, चर्च, स्टेशने उभारली. १९२९ मध्ये हे चिमुकले गाव लोकांना पाहण्यास खुले झाले. त्याचे नाव बेकन्सकॉट. ते आजही चालू आहे.

तेथील घरे खऱ्या घरांच्या एक-बारांश मापाची आहेत. रुळांमधले अंतर ४५ मिलिमीटर आहे, आणि खऱ्या ब्रिटिश रुळांमधले असते १४३५. भागाकार करून पाहा. गाड्या सुमारे एक-बत्तिसांश निघतात, म्हणजे घरांच्या मानाने फारच लहान! ही तफावत मालकांनी खुशाल चालवून घेतली. हौसेला एवढी सवलत हवीच.

पण झाडे अशी सवलत देत नाहीत. पंधरा मीटर उंचीचा वृक्ष या गावात सव्वा मीटरचा हवा. छाटून छाटून झाड खुजे ठेवता येईल; पण त्याच्या बारा सेंटिमीटरच्या पानाचे एक सेंटिमीटर कसे करणार? म्हणून अशा बागांत बारीक सुयांसारख्या पानांची बुटकी सूचिपर्णी झाडे लावतात. विद्यार्थी मित्रांनो, दिवाळीतल्या किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक असेल. मावळा सहा सेंटिमीटरचा आणि अळीव पाच सेंटिमीटरचे, म्हणजे बिचारा खांद्यापर्यंत गवतात बुडालेला! म्हणूनच बी नेमके कोणत्या दिवशी टाकायचे, यावर किल्ल्याची सारी शोभा अवलंबून असते.

बागेतल्या आगगाडीचेही तसेच आहे. खरी ओढाताण होते ती वसंतात, आणि तिचे कारण आहे थर्मामीटरमधला पारा. इंग्लंडमध्ये दिवसाचे सरासरी तापमान सलग पाच दिवस ५ अंश सेल्सियसच्या वर राहिले, की वनस्पतींच्या वाढीचा हंगाम सुरू झाला, असे हवामानशास्त्रज्ञ धरतात. त्याखाली गवताची वाढ जवळजवळ थांबलेली असते. आता घरे बांधणाऱ्याकडे वळा. सिमेंट घट्ट होते ते नुसते वाळून नव्हे. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया व्हावी लागते, आणि ५ अंशांखाली ती फारच मंदावते. सुतारकामातला पांढरा गोंदही थंडीत नीट धरत नाही. त्यातले पाणी उडून जाते, पण गोंदाचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा बनत नाही. मागे खडूसारखी भुकटी उरते. म्हणजे माळी आणि गवंडी दोघेही एकाच आकड्याची वाट पाहत बसलेले! तो आला, की दोघांची घाई एकदम. आणि येथे माळी व गवंडी म्हणजे बहुधा एकच माणूस असतो.

त्याला तिसरे कामही वाट पाहत असते. थंडीत गोठलेली माती पाया उचलते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे असे होत असेल, असे आपल्याला वाटेल. परंतु १९३० च्या सुमारास स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकुंचन पावते. तरीही माती वर उचलली गेली! खरा प्रकार असा, की गोठणारा थर मातीतील बारीक छिद्रांमधून खालचा द्रव वर ओढून घेतो आणि बर्फाच्या चकत्या जाडजाड होत जातात. वसंतात त्या वितळतात, पण जमीन सगळीकडे सारखी बसत नाही. रूळ एके ठिकाणी एक सेंटिमीटर वर राहिला, तर त्या छोट्या गाडीच्या दृष्टीने तो बत्तीस सेंटिमीटरांचा उंचवटा होय. गाडी घसरणारच.

मग कामे वाटायची कशी? बेकन्सकॉट कडक हिवाळ्यात बंद असते, आणि घरांची दुरुस्ती, रंगरंगोटी तेव्हा आत कार्यशाळेत चालते. युक्ती साधी आहे. गोंदाला ऊब हवी, तर ती खोलीत मिळते. झाडांना मात्र बाहेरचाच वसंत लागतो. तेव्हा बांधण्याजोगे सारे हिवाळ्यातच बांधून ठेवावे. पारा चढताच प्रथम पाये आणि रूळ समतल करावेत, नंतरच रोपे लावावीत. हा क्रम उलटा झाला, तर नुकते पेरलेले गवत रूळ बसवणाऱ्याच्याच बुटांखाली जाते.

रूळ बसवताना सांध्यांत फटी ठेवायला विसरू नये. तापमान तीस अंशांनी वाढले, तर दहा मीटर लांबीचा पितळी रूळ सुमारे सहा मिलिमीटरने लांबतो. फट नसेल तर उन्हाळ्यात तो वाकडा होतो, आणि तोवर त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे चांगली मुळावलेली असतात.

एवढे झाले, की मे महिन्यात घरे बांधणाऱ्याला फारसे काम उरत नाही. माळीबुवांनी मात्र कात्री हातात घेतली, की ती पानगळीपर्यंत खाली ठेवायची नाही.