मीटर उचलण्याआधी

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि मुलुंडला आमच्या शेजारच्या काकूंकडचा आरसीसीबी मधूनमधून पडू लागला. आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळू लागला की मेन लाइन तोडणारा स्विच. सगळ्यांनी पावसालाच दोष दिला. वायरमन आला, त्याने क्लॅम्प मीटरचा चिमटा फेजच्या वायरीला लावला. आकडा आला ८ अँपिअर. "लोड बरोबर आहे, स्विचच गेलाय. डायरेक्ट करून देऊ?" काकू हो म्हणणारच होत्या.

अंधेरीच्या सीप्झमध्ये मीटर दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथली सवय अशी, की हातात मीटर घेण्याआधी काय शोधायचंय ते ठरवायचं. गिझर किती करंट घेतो, हे इथे कुणाला हवं होतं? हवी होती गळती. हा स्विच ३० मिलिअँपिअरचा. ३० ला त्याने पडलंच पाहिजे, १५ च्या खाली पडता कामा नये. मधे त्याची मर्जी! म्हणजे एकेक मिलिअँपिअर दिसायला हवा. वायरमनच्या मीटरचा शेवटचा आकडा ०.१ अँपिअरचा, म्हणजे १०० मिलिअँपिअरचा. अंगातून गेले तर जिवावर बेततील असे ४० मिलिअँपिअर त्यावर शून्य दिसतात. भंगारवाल्याच्या काट्यावर सोनं तोलण्यातलाच प्रकार.

एवढं ठरल्यावर पद्धत शोधावी लागली नाही. गळती मोजणारा क्लॅम्प मीटर मागवला. वायरमनने फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र चिमट्यात घेतल्या, अर्थिंगची बाहेर ठेवली. जाणारा आणि परतणारा करंट सारखा असेल तर दोघांचा परिणाम पुसला जातो. उरते ती गळती. आरसीसीबीही आत हेच करतो. गिझर बंद असताना आकडा ४, चालू करताच २१. कधी पडायचा, कधी नाही, ते म्हणूनच.

भिंतीवरच्या सेलच्या घड्याळाला मात्र हा चिमटा चालायचा नाही. तिथला करंट डीसी, सरासरी एक मिलिअँपिअरहूनही कमी, तोही टिकटिकीच्या झटक्यांनी जाणारा. सेल किती दिवस पुरेल हे हवं असेल तर सरासरी मोजायची. झटका केवढा हे हवं असेल तर ऑसिलोस्कोप लागतो. शिवाय मीटर मधे जोडला की तो स्वतःच थोडा व्होल्टेज खातो, दीड व्होल्टच्या सेलला ते जाणवतं.

काकूंच्या गिझरची कॉइल बदलली. आकडा पुन्हा ४ वर आला. स्विच तोच आहे.