शस्त्रक्रिया झाली; पुढें काय?

शस्त्रक्रिया ठरली कीं घरांतील सर्व मंडळींचें लक्ष एका दिवसावर खिळतें. डॉक्टर कोण, रुग्णालय कोणतें, खर्च किती, याची चर्चा ओटीपासून माजघरापर्यंत चालते. आणि तो दिवस सुखरूप पार पडला म्हणजे सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात. वस्तुतः शस्त्रवैद्याचें काम जेथें संपतें तेथेंच घराचें काम सुरू होतें. त्या कामाविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, असा आमचा हेतु आहे.

आजाऱ्यानें पडून राहावें, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाश्चात्त्य रुग्णालयांतहि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यास पुष्कळ दिवस बिछान्यावरच ठेवीत. शिकागोच्या एमिल रीस यांनीं १८९९ सालींच याविरुद्ध मत मांडलें होतें. पण तें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. पुढें डेट्रॉइटच्या डॅनियल लाइटहाउझर यांनीं १९४६ सालीं रोग्यास लवकर चालतें करण्यावर ग्रंथच लिहिला. १९९७ सालीं हेन्रिक केलेट या डॅनिश शस्त्रवैद्यांनीं वेदनाशमन, लवकर आहार व लवकर हालचाल यांची सांगड घालणारी पद्धति मांडली. आज अनेक देशांत ती रुजली आहे.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. पाय हलले नाहींत कीं पोटऱ्यांच्या शिरांतील रक्त मंदावतें, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसांत गेली तर जिवावर बेततें. सतत उताणें पडल्यानें श्वास उथळ होतो व कफ सांचून न्युमोनियाचें भय उत्पन्न होतें. रुग्णालयांतून तीन चेंडूंचें श्वासाचें यंत्र हातीं देतात तें याचसाठीं, कपाटावर ठेवण्यासाठीं नव्हे. स्नायूंचें तर विचारूंच नये. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत निरोगी वृद्धांस १० दिवस अंथरुणावर ठेवलें, तेव्हां केवळ त्यांच्या पायांतील मांस सुमारें १ किलोनें घटलें. धडधाकटांची ही गत, तर आजाऱ्यांची काय कथा!

तथापि सर्वांस एकच नियम लागू नाहीं. मोतीबिंदूचेंच पाहा. पूर्वीं या शस्त्रक्रियेनंतर डोक्याच्या दोन्ही अंगांस वाळूच्या पिशव्या लावून रोग्यास निश्चल ठेवीत. १९४९ सालीं लंडनमध्यें हॅरोल्ड रिडले यांनीं डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविलें. १९६७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केलमन यांनीं लहानशा छेदांतून मोतीबिंदु काढण्याची युक्ति योजली. आतां रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं येतो. त्यानें चालावें, फिरावें. मात्र डोळा चोळूं नये, त्यांत पाणी जाऊं देऊं नये, आणि थेंब ठरल्या वेळीं घालावे.

गुडघा बदललेल्यास त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं उभें करतात. येथें मायेनें एक घात फार होतो. दुखतें म्हणून कोणी तरी गुडघ्याखालीं मऊ उशी सरकवितें. क्षणभर बरें वाटतें. पण गुडघा वांकलेल्या स्थितींतच आखडूं लागतो, आणि मग तो सरळ होण्यास महाप्रयास पडतात. खुबा बदललेल्यास पाटावर किंवा उकिडवें बसणें व पायावर पाय टाकणें बहुधा वर्ज्य सांगतात. तेव्हां तो घरीं येण्यापूर्वींच उंच खुर्ची व कमोड यांची सोय करावी आणि न्हाणीघरांत धरावयास दांडा बसवावा.

हृदयाच्या बायपासमध्यें छातीचें मधलें हाड कापून तारांनीं जोडलेलें असतें. तें सांधण्यास दोन ते तीन महिने लागतात. तोंवर भरलेली बादली उचलूं नये, जड दार ओढूं नये. खोकतांना उशी छातीशीं घट्ट धरावी. चालणें मात्र रोज थोडें थोडें वाढवावें. यांपैकीं कित्येकांस पुढील कांहीं आठवडे उदास वाटतें, उगाच रडूं येतें. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. तें ओसरलें नाहीं तर डॉक्टरांस अवश्य सांगावें.

आतां आहाराविषयीं. भात खाल्ला कीं जखमेंत पू होतो, अशी समजूत अद्याप अनेक घरांत आढळते. पू जंतूंमुळें होतो, भातामुळें नव्हे. जखम भरण्यास प्रथिनें लागतात. शाकाहारी घरांत दूध, दहीं, पनीर, वरण व मोड आलेल्या कडधान्यांची उसळ यांतून तीं मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांस विचारून प्रमाण ठरवावें. निव्वळ पेजेवर ठेवलेला रोगी खंगतो. जखम वरून मिटली तरी आंतील बळ सावकाश येतें. तीन महिन्यांनंतरहि तें मूळच्या सुमारें ८० टक्केच असतें.

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे. आजोबांचा हर्निया झाला तर पाण्याचा पेलाहि त्यांच्या हातीं आणून देतात. आणि सिझेरियन झालेली अगर गर्भाशय काढलेली सून पंधरा दिवसांत भरलेला कुकर व ओल्या धुण्याची बादली उचलूं लागते. तिला कोणी सांगत नाहीं. काम डोळ्यांपुढें दिसतें म्हणून तीच उठते. ज्याला हालचाल हवी तो पडून राहतो आणि जिला भार नको तिच्यावर तो पडतो. चालणें निराळें आणि राबणें निराळें. सिझेरियननंतर पहिल्या २४ तासांत उठून चालावें हें योग्यच; पण पुढील सुमारें सहा आठवडे बाळापेक्षां जड कांहीं उचलूं नये, असा वैद्यकाचा सामान्य दंडक आहे.

म्हणून आमची सूचना अशी: शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्याच वेळीं घरांतील कर्त्या माणसांनीं पुढील सहा आठवड्यांच्या कामांची वांटणीहि ठरवावी, आणि तींत पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं आपला वांटा घ्यावा. रुग्णालयांतून निघतांना काय करावें व काय टाळावें हें लिहून घ्यावें. ताप येणें, जखम लाल होऊन वाहूं लागणें, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणें, छातींत कळ येणें किंवा एकाएकीं धाप लागणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. एकत्र कुटुंबांत हातांस तोटा नसतो. ते हात योग्य वेळीं योग्य ठिकाणीं पोहोंचावे, एवढीच आमची विनंती आहे.