समुद्रतार, उपग्रह आणि तुरीचा भाव

व्यापारात मालाइतकीच बातमीलाही किंमत असते. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना हे १८६५ साली चांगलेच कळले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तिकडचा कापूस पुन्हा लिव्हरपूलला जाणार हे दिसताच मुंबईचा भाव कोसळला व अनेक पेढ्या बुडाल्या. त्या काळी विलायतेची तार जमिनीवरून, अनेक देशांतून अडखळत येई. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन समुद्रतार टाकली आणि संदेश काही तासांत पोहोचू लागले. पैसे मात्र शब्दागणिक पडत. म्हणून पेढ्या सांकेतिक शब्दांची पुस्तके बाळगीत. 'अमुक गाठी अमुक भावाने पाठवा' एवढा मजकूर एका शब्दात बसे! काटकसर साधे, आणि गुप्तताही.

पुढे १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह केंद्र उभे राहिले. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून तो एका जागी स्थिर भासतो व दोन खंडांतील केंद्रे जोडू शकतो. आज बहुतेक भार पुन्हा समुद्रतळावरच आहे; तांब्याच्या जागी काचतंतू आले, एवढेच.

आपल्या मेहकर-भालकी भागाचा याच्याशी संबंध काय? तूर. म्यानमार व मोझांबिकहून तूर भारतात येते. तिकडचा सौदा मुंबईच्या आयातदाराला क्षणात कळतो आणि कलबुर्गीच्या बाजारातील बोली हलते. आडतीवर पोती उतरवून बसलेल्या शेतकऱ्याला पुष्कळदा पडलेला भाव आधी कळतो, कारण मागाहून. मोबाईल त्याच्याही खिशात असतो. पण जहाज निघाल्याची बातमी त्यावर येत नाही.