आज्याची वंशावळ आणि तलावावरचा हक्क

मानवशास्त्र हा विषय बहुतेक मराठी विद्यार्थ्यांना भेटतो तो यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत. नोट्स पाठ करून गुण काढायचा विषय, अशीच त्याची ख्याती. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात आणि वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात तो रीतसर शिकवला जातो. पण जमवलेली माहिती लोकांच्या न्यायासाठी कशी वापरतात, म्हणजेच या शास्त्राची उपयोजित बाजू, बघायची असेल तर भंडारा जिल्ह्यातला एखादा तलाव गाठावा.

इथले जुने तलाव बांधले कोहळी समाजाने, गोंड राजांच्या आमदानीत. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणून कागदावर चढले. या पाण्यावर मासेमारी करून जगणारे ढिवर मात्र कोणत्याच काळात तलावाचे मालक नव्हते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यांत कोहळीही आहेत आणि ढिवरही. काम कष्टाचं होतं, पण केलं होतं सरकारसाठी.

आता वनहक्क कायद्याकडे या. २००६ च्या या कायद्यात कलम ३(१)(घ) आहे. वनजमिनीवरच्या पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क त्यात येतो. अडचण अशी की महाराष्ट्रात ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातींत आहेत. त्यामुळे कायद्याच्या लेखी ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पिढी पंचवीस वर्षांची धरलेली, म्हणजे हिशेब थेट १९३० पर्यंत मागे जातो. जाळं टाकल्याची पावती कोण ठेवतो?

इथेच मानवशास्त्राचा विद्यार्थी कामाला येतो. या कायद्याखालच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे, ती त्याच्या अभ्यासक्रमातून उचलल्यासारखी वाटते: वंशावळ, वडीलधाऱ्यांची लेखी जबानी, रूढी-परंपरांची संशोधनातून झालेली नोंद. शेवटच्या बाबीत तर भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण या संस्थेचं नावच नमुन्यादाखल दिलंय. तिचं मध्य भारताचं केंद्र नागपुरात आहे.

वंशावळ काढायची कशी? मोठा कागद पसरायचा. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ. सुरुवात जिवंत माणसापासून करायची आणि मागे मागे सरकायचं. “बाबाजी, तुमचा आजा कोणत्या बोडीत मासे धरायचा?” (बोडी म्हणजे लहान तलाव.) एवढा एक प्रश्न नीट विचारला तर नाव, गाव, पाणवठा, तिन्ही हाती लागतात. तारखा मात्र विचारू नयेत, कुणी सांगत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या घटना पुढे ठेवाव्यात: मालगुजारी गेली तेव्हा आजा हयात होता का? बाबाजींचं लग्न झालं होतं का? मग त्या बोडीतल्या मासेमारीची नोंद गावाच्या वहिवाटीच्या जुन्या कागदांत, म्हणजे निस्तारपत्रकात किंवा वाजिब-उल-अर्जमध्ये, सापडते का ते तहसिलीत बसून शोधायचं. सापडली तर कागदावरच्या त्रिकोणाला भक्कम आधार मिळतो. या कामात मायकडे, म्हणजे घरातल्या म्हातारीकडे, वेगळं बसावं. माहेर-सासरचे धागे तिला पुरुषांपेक्षा पक्के ठाऊक असतात आणि चारचौघांत ती बोलेलच असं नाही.

दुसरं काम म्हणजे सोबत राहणं. कोणत्या महिन्यात कोणता मासा, कोणत्या पाणवनस्पतीत तो अंडी घालतो, हे मुलाखतीपेक्षा काठावर बसून जास्त कळतं. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात (१९९९ पर्यंत तोही भंडाऱ्यातच होता) मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांचं असंच ज्ञान नोंदवलं आणि त्याच्या आधारे तलावांतलं बेशरम नावाचं तण काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम उभं राहिलं.

गावाला एकजीव समजण्याचा मोह इथे सर्वांत घातक. धानाच्या शेतकऱ्याला तलावाचं पाणी सोडलेलं हवं, ढिवराला उन्हाळ्यापर्यंत साठून हवं. मच्छीमार संस्थेच्या सभासदांत बायकांची नावं आहेत का, हेही बघावं. न्यायाच्या बाजूने अभ्यास करायचा म्हटलं की ही भांडणं वहीत उतरवावीच लागतात. ती गाळून काढलेला अहवाल वाचायला छान वाटतो, पण मला विचाराल तर तो खोटा.

ही वाट नवी नाही. बर्लिनमध्ये कवट्यांची मापं घेऊन डॉक्टरेट मिळवलेल्या इरावती कर्वे यांनी पुढे जाई निंबकरांसोबत कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली. डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये छापली. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, १९८८ मध्ये झाली. वैनगंगेकाठची गावं उठली, त्यांत शेतकरी होते तसे नदीवर जगणारेही. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरून मोजता येतो. नदीतल्या मासेमारीला सातबारा नसतो, म्हणून तिथेही अशाच वह्या लागतात.

काम संपलं की प्रबंध विद्यापीठात जमा होतो. पण त्याआधी तो सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा, चुका लोकांकडून दुरुस्त करून घ्याव्यात आणि ज्याला आपली जबानी परत घ्यायची असेल त्याला ती घेऊ द्यावी. दावा ग्रामसभेचा असतो, विद्यार्थ्याचा नव्हे. त्याला एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात, म्हणून वंशावळीसोबत जबानी आणि नकाशा लावावा. वनहक्क समिती पडताळणी करते, ग्रामसभा ठराव घेते, मग कागद उपविभागीय आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातात. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. मूळ कागद गावात ठेवून पुढे प्रतीच द्याव्यात.