वणव्याच्या प्रदेशातलं बी
उत्तर ऑस्ट्रेलियात काकाडूच्या सॅव्हानात वणवा वर्षा-दोन वर्षांनी येतोच. इथली ‘युकॅलिप्टस मिनिआटा’ ही निलगिरी ऐन कोरड्या हंगामात केशरी फुलते. बी पिकतं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, पावसाच्या तोंडावर. जाड, कंगोरेदार, लाकडी बोंडात ते झळांपासून बरंचसं वाचतं. फुलोरा मात्र उघडाच. ज्वाळा शेंड्याला भिडल्या की त्या वर्षीचं बी बुडालं. मातीत जुना साठाही नसतो. म्हणून ‘ही झाडं आगीला सरावलेली आहेत’ म्हणत निर्धास्त राहणं मला पटत नाही. रुजलेलं रोप आधी जमिनीखाली गाठ पोसतं. शेंडा करपला तरी तिथूनच धुमारे फुटतात. कित्येक रोपं वर्षानुवर्षं गुडघाभरच राहतात. सलग काही वर्षं उसंत मिळाली, तरच ती ज्वाळांच्या वर निघतात.