लहान मुलांच्या मेंदूतील गाठींचे चयापचय-प्रतिमाचित्रण

चयापचय-प्रतिमाचित्रण ही मेंदूतील गाठीच्या आकाराबरोबरच तिच्या पेशींमधील रासायनिक घडामोडींचा अंदाज देणारी तपासणीपद्धती आहे. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत.

एमआर स्पेक्ट्रोस्कोपी एमआरआय यंत्रावरच केली जाते. तीत किरणोत्सर्ग नसतो. निरोगी चेतापेशींचे निदर्शक असलेले एन-ॲसिटिलॲस्पार्टेट गाठीत घटते, तर पेशीपटलांच्या जलद घडणीमुळे कोलीन वाढते. अनुमस्तिष्कातील मेड्युलोब्लास्टोमा या गाठीत बहुधा टॉरिनही वाढलेले आढळते.

पेट तपासणीत अल्प मात्रेतील किरणोत्सारी द्रव्य शिरेवाटे देतात. निरोगी मेंदूही भरपूर ग्लुकोज वापरत असल्याने ग्लुकोजसदृश द्रव्याने गाठ अनेकदा उठून दिसत नाही. तेथे मेथिओनिनसारखी अमिनो आम्ले अधिक उपयुक्त ठरतात.

किरणोपचारानंतर एमआरआयमध्ये दिसणारा डाग म्हणजे पुन्हा वाढलेली गाठ की उपचाराने मृत झालेली ऊती, हे ओळखण्यास या तपासण्यांची मदत होते. त्यामुळे मुलावरील अनावश्यक शस्त्रक्रिया टळू शकते. मात्र पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ही सौम्य गाठही या तपासण्यांत आक्रमक गाठीसारखी भासू शकते. म्हणून शक्य तेथे ऊतिपरीक्षा हाच निदानाचा निर्णायक आधार मानला जातो.